उत्तराच्या जागी झिजलेला फळा

मित्रांनो, आजवर तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसलात आणि बोललं मात्र दुसरंच कोणी. आज सर नाहीत, खडू नाही, वर्गही भरलेला नाही. तेव्हा दोन घटका माझंच ऐका. मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेचा जुना लाकडी फळा आहे. सध्या धान्याच्या खोलीमागे उभा आहे, तोही भिंतीकडे तोंड करून. शिक्षा झालेल्या पोरासारखा म्हणा हवं तर.

मी मूळचा सागाचा. लाकूड डेपोतून आणलं होतं आणि मला जोडलं मुखरू मिस्त्रीने. त्याने माझे सांधे इतके घट्ट बसवले की मुंगीलाही आत शिरायला फट मिळू नये. मुखरूला लिहिता-वाचता येत नव्हतं. काम संपल्यावर तो बराच वेळ माझ्यासमोर उकिडवा बसून राहिला. मग त्याने माझ्यावरून हात फिरवला, हत्यारं आवरली आणि निघून गेला. माझ्यावर पुढे काय काय लिहिलं गेलं ते बघायला तो परत कधी आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझा काळा रंग मात्र दुकानातला नव्हता. शाळेत स्वयंपाक करणारी सोनीबाई दर जून महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, चुलीतला कोळसा कुटून फडक्यातून गाळायची. नाल्याकाठचा माका उपटून आणायची, त्याचा पाला पाट्यावर वाटायची आणि त्या रसात कोळशाची पूड कालवून माझ्या अंगाला फासायची. एक हात वाळला की दुसरा. तिचे तळवे पुढे कित्येक दिवस हिरवे-काळे राहत.

"काळा हो रे बाबू, चांगला काळा हो," ती मला म्हणायची. "तू काळा झाला तं पोराईचं पांढरं दिसन."

तो रंग नुसता शोभेचा नव्हता. त्याने माझं अंग खरबरीत राही, आणि खरबरीत अंगावरच खडू बसतो. गुळगुळीत फळा दिसायला देखणा असला तरी तो खडूला थारा देत नाही. ही साधी गोष्ट सोनीबाईला माहीत होती आणि मला माहीत होती. बाकी कोणी त्या गोष्टीकडे फारसं लक्ष दिलं नाही.

उमेदीच्या वर्षांत मी पुष्कळ पाहिलं. अ-आ-ई पाहिली, वैनगंगेचा नकाशा पाहिला, पाढे तर इतके पाहिले की झोपेतही म्हणून दाखवीन. एकदा तपासणीला आलेले साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "फळा असावा तर असा." तेव्हा मी मनातल्या मनात ताठ झालो होतो. पुढे मला दहावीच्या वर्गात बसवलं. तिथे गणितं लांबलचक. ती डावीकडून सुरू होत आणि उत्तर येई उजवीकडे, खालच्या बाजूला. पोरांना मांडणीत रस नसतो, त्यांना उत्तर हवं असतं. उत्तर लिहायचं, त्याखाली दोन रेघा मारायच्या, सगळ्यांनी उतरवून घेतलं की खसाखसा पुसायचं. असं वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे माझी उजवीकडची खालची बाजू इतर अंगापेक्षा लवकर झिजली. तरी दर जूनमध्ये सोनीबाई तिथे एक हात जास्त मारायची, म्हणून माझं निभावत होतं.

मग सोनीबाईचे गुडघे गेले आणि ती कामावरून निवृत्त झाली. त्या जूनमध्ये माका आणायला कोणी गेलंच नाही. मुख्याध्यापकांना एकाने आठवण करून दिली तर ते म्हणाले, "आता डिजिटल पॅनल येऊन राह्यला ना. या जुन्याले कायले रंग फासता?" पॅनल आला खरा, पण खोक्यातच बसून राहिला, कारण तो भिंतीला लावायला माणूस येणार होता आणि तो माणूस काही येत नव्हता. तोवर शिकवणं माझ्यावरच. माझी उजवी खालची बाजू आता आरशासारखी चकाकू लागली होती.

त्याच वर्षी अश्वजित सर आम्हाला लाभले. ब्रह्मपुरीकडचे, तरुण, आवाज खणखणीत, खिशात खडूचे तुकडे आणि शर्टावर कायम पांढरी भुकटी. माझी चकाकणारी जागा त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली आणि पुढे ते तिला वळसा घालून लिहीत. सर तापट होते. पण पोरांच्या चुकीने त्यांना जेवण गोड लागत नसे, असे तापट.

त्या वर्षी एक गोष्ट पणाला लागली होती. आमची शाळा दहावीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर बाहेर जावं लागे आणि तेवढी ऐपत फार थोड्यांची. चंद्रपूरच्या एका संस्थेने ठरवलं होतं की प्रत्येक आश्रमशाळेतून एका मुलाला किंवा मुलीला निवडायचं आणि बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं त्यांनी बघायचं. निवडीला त्यांची माणसं शाळेत येणार आणि गणित फळ्यावर, म्हणजे माझ्यावर, सोडवायला लावणार होती. म्हणून सर इच्छुक पोरांना पुस्तकाच्या पुढचं शिकवू लागले.

त्या पोरांत मंगली होती. आत जंगलातल्या कोसमटोल्याची. घरी गोंडी बोलायची आणि मराठीत बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायची. पण खडू हातात दिला की तिचा हात थांबत नसे. तिचा बाप वारलू तिला सोडायला आला तेव्हा स्पष्टच बोलला होता. "नंबर लागला तं जाय चंद्रपूरले, मी अडवत नाई. नाई लागला तं घरी ये. मग शाळेचं नाव नको काढू." त्यावर मंगलीने नुसती मान हलवली होती. मी समोरच होतो. ती मान हलवताना तिने ओठ किती घट्ट मिटले होते ते मला दिसलं.

सरांनी असमानता शिकवायला घेतली. आधी सोपी भाषा केली. समीकरणात दोन्ही बाजू सारख्या असतात आणि उत्तर बहुधा एखादा आकडा असतो. असमानतेत एक बाजू मोठी, एक लहान, मधे चोचीसारखं चिन्ह. तिचं उत्तर एक आकडा नसतो, आकड्यांचा सबंध मुलूख असतो. आणि मुलूख म्हटला की त्याला शीव, म्हणजे हद्द, आलीच. तो मुलूख संख्यारेषेवर दाखवायचा. शिवेचा आकडा मुलखात धरला असेल तर तिथे भरीव ठिपका, धरला नसेल तर पोकळ गोल.

अपूर्णांक आले तरी छेदात नुसते आकडे होते तोवर पोरं खुशीत होती. दोन आणि तीन छेदात असले की सगळ्याला सहाने गुणायचं, छेद पळून जातात. उणे आकड्याने गुणलं तर चिन्हाची चोच उलटी फिरवायची, हेही हळूहळू अंगवळणी पडलं. दोन हे तीनपेक्षा लहान, पण उणे दोन हे उणे तीनपेक्षा मोठे, एवढं डोक्यात ठेवलं की झालं. मग एके दिवशी सरांनी माझ्यावर लिहिलं:

(क्ष − २) / (क्ष − ५) ≤ ०

आणि इथे घोडं अडलं. विक्की नावाचा एक चुणचुणीत मुलगा उठला. त्याने दोन्ही बाजूंना सरळ क्ष वजा पाचने गुणलं, छेद उडवला आणि लिहिलं, क्ष ≤ २.

"विक्की, क्ष वजा पाच धन आहे का ऋण?" सरांनी विचारलं.

"ते कसं माहीत असन सर? क्षच माहीत नाई."

"मग चोच फिरवायची का नाही, हे तू कशावरून ठरवलं?"

सर म्हणाले, "क्षच्या जागी एक घाल. वर उणे एक, खाली उणे चार. भागाकार धन. म्हणजे तुझ्या मुलखातला माणूसच परका निघाला. छेदात क्ष असला की त्याने गुणायचं नाही. वरचा शून्य कुठे होतो आणि खालचा शून्य कुठे होतो, ते आकडे रेषेवर मांडायचे. दोन आणि पाच. रेषेचे तीन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यातला एकेक आकडा घालून बघायचा."

मंगलीने ते लगेच केलं. दोन आणि पाचच्या मधला तुकडा तिने बरोबर धरला. पण गोल दोन्हीकडे पोकळ काढले.

"दोनवर पोकळ काऊन?" सर म्हणाले. "दोन घालून बघ. वर शून्य, भागाकार शून्य. चिन्हाखाली रेघ आहे, म्हणजे शून्य चालतो. भर तो गोल."

मंगलीने भरला. दुसऱ्या दिवशी दुसरं गणित, पुन्हा दोन्ही पोकळ. सर चिडले. "रेघ दिसली की भरायचा!" मग तिने तिसऱ्या दिवशी दोन्ही भरले, छेद शून्य होतो तिथलाही. शून्याने तर भागताच येत नाही, तिथे ठिपका भरून कसा चालेल? सरांनी खडू टेबलावर आपटला. "पालथ्या घड्यावर पाणी! एवढी हुशार पोरगी आणि ठिपक्यात जीव देणार आहे!"

मंगलीने खडूचे तुकडे गोळा करून टेबलावर ठेवले आणि जागेवर जाऊन बसली. मला तोंड असतं तर मी सरांना म्हटलं असतं, अहो, ही पोर विसराळू नाही. हिच्या मनात काहीतरी दुसरं आहे, ते विचारा. पण फळ्यावर दुसऱ्यांनी लिहायचं असतं.

ते दुसरं काय होतं, ते वारलूमुळे कळलं. आठवडी बाजाराच्या दिवशी तो मुलीला भेटायला आला. वर्ग नुकताच सुटला होता. सरांनी त्या दिवशी दोन-पाचचं पहिलं गणितच पुन्हा घातलं होतं आणि मंगलीचे दोन पोकळ गोल माझ्यावर तसेच होते. सरांनी त्या दोघांनाही आत बोलावून बसवलं.

"वारलूभाऊ, तुमची पोरगी सगळं बरोबर करते आणि शिवेवर येऊन अडते," सर म्हणाले. "हा बघा तिचा मुलूख. या टोकाचा आकडा मुलखात घे म्हटलं तर घेत नाही."

वारलूला गणित कळायचं कारण नव्हतं. पण शीव हा शब्द त्याने धरला. "शिवेवरचं कोन घेते सर? आमच्या गावात शिवेचा पट्टा देवाचा. तिथी नांगर नाई, कुऱ्हाड नाई. मोहाचं फूल पडलं तरी वेचत नाई. लहान लेकराले बी मालूम असते, टोपलं घेऊन शिवेच्या अलीकडं थांबाचं."

सर मंगलीकडे बघत राहिले. "म्हणून तू पोकळ ठेवत होती?"

मंगलीने मान हलवली.

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी विचारलं नाई सर," ती हळूच म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. मग ते वारलूकडे वळले. "भाऊ, गावाला चारी बाजूंनी शीव असते. सगळीकडे असंच? कुठेच कोणी थांबत नाही?"

"तसं नाई जी," वारलू म्हणाला. "नाल्याकडच्या शिवेवर पाहुना थांबते. तो तसाच गावात नाई शिरत. तिथी मोठं झाड हाय, त्याच्याखाली चटई टाकतो, त्याले बसवतो, पानी देतो. चटईवर बसला म्हनजे तो आपल्या गावचाच झाला. मंग गावात आनतो."

हे ऐकता ऐकता मंगली उठली आणि माझ्यापाशी आली. तिने खडू घेतला. पाचवरच्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "हा देवाचा. इथी छेद शून्य होते. इथी कोनीच नाई उभं राहात." मग चिन्हाखालची रेघ दाखवली. "हे चटई हाय. चटई असन तं दोनवर पाहुना बसते." आणि तिने दोनवरचा गोल भरला. भरीव, गच्च, पांढराशुभ्र.

"आणि चटई नसेल तर?" सरांनी विचारलं.

"तं पाहुना बाहेरच."

"आणि चटई असली तरी देवाच्या जागेवर?"

"देवाच्या जागेवर चटई टाकत नाई सर," मंगली म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. बापही हसला. त्याला मुलीचं गणित कळलं नव्हतं, मुलगी बोलली एवढं कळलं होतं. मित्रांनो, माझ्या अंगावर हजारो गणितं सुटली असतील, पण त्या दिवसाइतका आनंद मला कधी झाला नाही.

त्यानंतर मंगलीचा ठिपका कधी चुकला नाही.

निवडीचा दिवस एप्रिलमध्ये आला. दहावीची परीक्षा होऊन गेली होती, मोहाचे दिवस होते. पोरं पहाटे मोह वेचून, अंघोळी करून शाळेत आली होती आणि वर्गभर तो गोड वास भरला होता. चंद्रपूरहून इंदुताई आल्या होत्या. निवृत्त प्राध्यापिका, केस पांढरे, चष्मा जाड, बोलणं मोजकं. त्यांनी आमच्या सरांना मागच्या भिंतीपाशी बसवलं आणि बजावलं की पोरांना एक शब्द सुचवायचा नाही. लेखी परीक्षा सकाळीच झाली होती आणि तिच्यातून दोघंच उरले होते, विक्की आणि मंगली. दोघांनाही एकच गणित द्यायचं होतं. मंगलीला आधी बाहेर बसवलं.

क्ष / (क्ष − ३) ≥ २

विक्कीने माझी डावी बाजू घेतली. भराभर लिहिलं. घाईत जुनीच खोड उफाळून आली आणि त्याने क्ष वजा तीनने गुणून टाकलं. उत्तर लिहिलं, क्ष ≤ ६. "हे असंच राहू दे, पुसू नको. एक पडदा टाका त्याच्यावर," एवढंच इंदुताई म्हणाल्या. माझ्या डाव्या अर्ध्या अंगावर एक जुनी चादर अडकवण्यात आली.

मग मंगलीला आत बोलावलं. तिच्या वाट्याला माझी उजवी बाजू आली. मित्रांनो, तीच माझी झिजलेली बाजू.

मंगलीने वर लिहायला सुरुवात केली. तिने गुणलं नाही. उजवीकडचे दोन तिने डावीकडे आणले आणि छेद एक केला. अंशात क्ष, त्यातून क्ष वजा तीनची दुप्पट वजा. आवरून सावरून आलं:

(६ − क्ष) / (क्ष − ३) ≥ ०

वरचा शून्य होतो सहावर, खालचा तीनवर. तिने आकडे घालून पाहिले. शून्य घातला, नाही जमलं. चार घातले, जमलं. नऊ घातले, नाही जमलं. मुलूख मिळाला, तीन आणि सहाच्या मधला. आता संख्यारेषा काढायला जागा उरली ती खालीच. रेषा आडवी गेली. तीन पडला बऱ्या जागी. सहा पडला नेमका तिथे, जिथे मी गुळगुळीत होतो.

तीनवर तिने पोकळ गोल काढला, बरोबर. सहावर गोल काढला आणि तो भरू लागली. खडूच्या कडेने काढलेली गोलाची रेघ कशीबशी उमटली, पण भरणं उमटेना. खडू नुसता घसरत होता. तिने दाबून फिरवला, पुन्हा फिरवला. भुकटी खाली सांडत होती आणि माझ्यावर काही राहत नव्हतं. मी लाकडाच्या जिवाने ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. नाही धरता आलं. खाली तिने उत्तर लिहिलं तेव्हाही तेच झालं. चोच दिसली, चोचीखालची रेघ घसरून गेली.

ती बाजूला झाली. इंदुताईंनी चष्मा वर केला.

"तीन आणि सहाच्या मधले आकडे," त्या म्हणाल्या. "दोन्ही टोकं वगळलीस. सहा घालून बघितलं होतं का बेटा?"

"बघितलं बाई."

"मग पुन्हा एकदा विचार कर."

मागच्या भिंतीपाशी सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना तिकडून सांडलेली भुकटी दिसत नव्हती, फक्त पोकळ गोल दिसत होता. माझी चकाकणारी जागा त्या धास्तीत त्यांच्या ध्यानातही आली नाही; घाबरून पोरगी पुन्हा जुन्या वाटेला गेली, असंच त्यांना वाटलं असणार. बोलायची त्यांना बंदी होती.

मंगलीने पुसायचं फडकं उचललं. मोठ्या माणसाने पुन्हा बघ म्हटलं म्हणजे आपलं चुकलं, असं तिच्या घरचं वळण. फडकं सहाच्या अगदी जवळ आलं. तिने पुसलं असतं तर ठिपक्याबरोबर सगळंच गेलं असतं. चंद्रपूर गेलं असतं, आणि ही पोर दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन मोहाखाली बसली असती. मोह वेचण्यात कमीपणा नाही. पण तिला गणित हवं होतं.

फडकं तसंच हवेत थांबलं. तिचे ओठ हलले. सहा भागिले तीन, दोन. दोन हे दोनपेक्षा मोठे किंवा दोनाएवढे. तिने फडकं खाली ठेवलं आणि वळून इंदुताईंसमोर उभी राहिली.

"बाई, सहावर पाहुना बसते," ती म्हणाली. "मी त्याले बसवलं हाय. फळ्यावर दिसून नाई राह्यला, पन मी बसवलं हाय."

इंदुताईंना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, ठीक आहे, बस खाली. पण त्या उठल्या. हळूहळू चालत माझ्यापाशी आल्या आणि सहाच्या गोलावर आपला तळवा ठेवला. मग बोटं चोळून पाहिली. माझ्या चौकटीच्या खालच्या पट्टीवर, बरोबर सहाच्या खाली, भुकटीचा ढीग पडला होता. मंगलीच्या उजव्या हाताची बोटं पांढरीफेक होती.

"पोरीने भरलाय," त्या म्हणाल्या. "हा फळाच खडू घेत नाही."

सरांनी मागे एक दीर्घ श्वास सोडला. मला तो पुढे ऐकू आला.

"आता मला सांग, पाहुणा म्हणजे कोण?" इंदुताईंनी विचारलं.

आणि मंगली बोलू लागली. देवाची शीव, नाल्याकडची शीव, झाड, चटई, पाणी. छेद शून्य होतो तिथे कोणी का उभं राहत नाही आणि अंश शून्य होतो तिथे चटई असेल तर पाहुणा का बसतो. मराठी मधेच अडखळत होती, पण ती थांबली नाही. इंदुताई माझ्याशेजारी उभ्या राहून ऐकत होत्या, बसायचंही विसरल्या होत्या. मग त्यांनी डावीकडची चादर दूर केली, विक्कीचं उत्तर पाहिलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "मंगलीची तयारी करा. जूनमध्ये पाठवा."

आणि जाता जाता आणखी एक वाक्य बोलल्या. "तो फळा आधी उतरवा. त्याच्यापायी आज एक पोर गेली असती."

त्यांचं चुकलं नाही. मला ते लागलं, पण चुकलं नाही. आठवड्याभरात पॅनल लावणारा माणूस आला. इतके दिवस त्याला आमची वाट सापडत नव्हती, ती आता सापडली. मला खिळ्यांवरून काढून इथे आणून ठेवलं. मंगली गेली तेव्हा मला भिंतीपलीकडून फक्त वारलूचा आवाज ऐकू आला. "बस लागली हाय, चाल माय." ती काय म्हणाली ते कळलं नाही.

आता मी इथे असतो. पॅनल म्हणे छान आहे, त्यावर रंग दिसतात, चित्रं हलतात. लाइट गेली की मात्र तो काळा पडतो आणि पोरं दंगा करतात. त्याचा मी हेवा करत नाही. दोष माझ्या लाकडाचा नव्हता, वयाचाही नव्हता. एका सकाळचं काम होतं, माका आणि कोळसा. ते कोणाला करावंसं वाटलं नाही, आणि त्याचा भार एका पोरीच्या हातावर पडला.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही माझा एखादा भाऊबंद असेल. फळा असेल, बाक असेल, मिणमिणता दिवा असेल. त्याला झिजू द्या, झिजणं आमच्या नशिबातच आहे. पण जिथे जास्त झिजतो तिथे जरा हात फिरवत जा. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी सर व्हाल, कोणी बाई व्हाल, परीक्षा घ्यायला खुर्चीत बसाल. समोर एखादं पोर उभं असेल आणि त्याचं उत्तर तुम्हाला दिसणार नाही. तेव्हा ते चुकलं म्हणण्याआधी खुर्चीतून उठा आणि फळ्याला एकदा हात लावून बघा.